मेकॅनिकचा रकाना

थर्झा हॉलरॉइड आणि मी एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर बावीस वर्षं उभ्या होतो. माग बिघडला की बाईनं हात वर करायचा, बाजूला सरकायचं आणि माग दुरुस्त करणारा जॉबर येईपर्यंत हाताची घडी घालून थांबायचं, असा आमच्या गिरणीचा नियम. जॉबर कायम पुरुषच. आमचा हर्बर्ट बूथ्रॉइड बोलावल्यावर आधी चहा संपवायचा, मग चष्मा पुसायचा, मग यायचा. तोवर कापड बंद आणि मजुरीही बंद. आम्ही बाकीच्या चुळबुळत उभ्या राहायचो. थर्झा ॲप्रनच्या खिशातून पाना काढायची.

हर्बर्ट पोचेपर्यंत माग चालू झालेला असायचा.

"कुणी हात लावला याला?"

"मी."

"बाईनं मागात हात घालायचा नाही, हे माहीत आहे ना तुला?"

"मला माहीत आहे. मागाला माहीत नव्हतं. तो झाला सुरू."

हे सगळं बोलणं ओठांनी चालायचं. दोनशे माग एकदम धडधडत असताना आवाजाचा काही उपयोग नसतो, म्हणून गिरणीतल्या प्रत्येक बाईला ओठ वाचता येत. थर्झा आणि मी तर भर प्रार्थनेत, दोन बाकांच्या अंतरावरून, पाद्रीसाहेबांच्या नवीन बुटांबद्दल बोलायचो आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

युद्धात ती चार वर्षं लष्करात होती, मोटारसायकली दुरुस्त करायला. युद्ध संपलं तेव्हा सरकारनं तिला एक कागद दिला. बाई उत्तम मेकॅनिक आहे असं त्यावर सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं. गिरणीनं तो कागद वाचला, घडी घालून परत केला आणि तिला पुन्हा मागावर उभं केलं. मला विचाराल तर तिच्या डोक्यात जे शिरलं ते त्या दिवशी शिरलं.

तेव्हा आमच्याकडे पाचशेवाल्यांचं वेड आलं होतं. पैसा कुणाकडे नव्हता, पेट्रोल रेशनवर होतं, आणि शर्यतीची हौस मात्र सगळ्यांना. मग कुणीतरी युक्ती काढली की एका माणसापुरती गाडी बांधायची आणि त्याच्या पाठीमागे मोटारसायकलचं पाचशे सीसीचं इंजिन बसवायचं. खाटीक, शिक्षक, टपालवाले असले लोक घरामागच्या खोपटात गाड्या बांधून रिकाम्या विमानतळांवर पळवू लागले. दहा-बारा वर्षं चालला हा खेळ, मग श्रीमंतांनी कारखान्यातून गाड्या मागवायला सुरुवात केली आणि संपला. पण चालला तोवर आमच्यासारख्यांचा होता.

थर्झानं गाडी बांधली कोळशाच्या खोलीत. भंगारातल्या दोन चिमुकल्या इटालियन गाड्यांचे पुढचे भाग तिनं पाठीला पाठ लावून जोडले. मध्ये बसायची जागा, मागे इंजिन, आणि इंजिनापासून मागच्या आसापर्यंत साखळी, मोटारसायकलला असते तशीच. वरून पत्रा ठोकला. तयार झाल्यावर ती गाडी खोलीच्या दारातून बाहेर निघेना, म्हणून भिंतीच्या बारा विटा काढाव्या लागल्या. उजेडात आली तेव्हा ती आमच्या शनिवारच्या आंघोळीच्या पत्र्याच्या टबासारखी दिसत होती, म्हणून गल्लीनं तिला घंगाळ म्हणायला सुरुवात केली. थर्झानं ते नाव पत्र्यावर पांढऱ्या रंगानं लिहूनच टाकलं.

इंजिनात एरंडेल घालावं लागायचं. रविवारी सकाळी ती इंजिन चालू करून बघायची तेव्हा सगळ्या गल्लीत एरंडेल दरवळायचं, आणि प्रार्थनेला निघालेली पोरं आता चमचा येणार या भीतीनं तोंड दाबून पळायची. पाद्रीसाहेबांनी तिच्या भावाकडे तक्रार केली. हा भाऊ म्हणजे क्लिफर्ड, तिच्यासोबतच राहायचा, बेकरीत कामाला, स्वभावानं गरीब गाय. त्याची बहिणीला बोलायची छाती झाली नाही. त्यानं पाद्रीसाहेबांना एक पाव जास्त दिला.

आता त्या अर्जाची गोष्ट. शर्यती भरवणाऱ्या क्लबचा प्रवेश-अर्ज एका पानाचा. गाडीचा नंबर, चालकाचं नाव, आणि खाली मेकॅनिकचं नाव आणि सही. ज्याची सही, त्याच्यावर गाडीच्या धडधाकटपणाची जबाबदारी. पाचशेवाले आपली गाडी आपणच बांधत, त्यामुळे दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहायची पद्धतच पडली होती. थर्झानंही तसंच लिहिलं. अर्ज परत आला. मेकॅनिकच्या रकान्याभोवती निळ्या पेन्सिलीचा गोल, आणि बाजूला लिहिलेलं, 'कृपया नाव भरावे.'

"नाव तर भरलंयस की तू," क्लिफर्ड म्हणाला.

"दिसलं नसेल त्यांना," थर्झा म्हणाली, आणि तिनं तेच नाव मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलं. परत आला. तिसऱ्यांदा तिनं ते इतकं मोठं लिहिलं की 'हॉलरॉइड' रकान्याबाहेर गेलं. तोही परत आला.

मग आम्ही दोघी क्लबच्या सेक्रेटरींना भेटायला गेलो. मेजर फॉसेट. बियाण्यांचं दुकान होतं त्यांचं, आणि कानामागे कायम ती निळी पेन्सिल. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. त्या दिवशी म्हणाले नसते.

"मिस हॉलरॉइड, गैरसमज नको," मेजर म्हणाले. "बायकांनी गाडी चालवायला आमची ना नाही. गेल्या वर्षी दोघीजणी चालवून गेल्या."

"त्यांचे मेकॅनिक पगारी होते. माझ्याकडे मीच आहे."

"मग भावाची सही घ्या. नुसती सही, बाकी काही नाही."

"माझा भाऊ पाव भाजतो, मेजर. त्याच्या सहीनं गाडी धडधाकट होते का?"

"कागदाला जरा शोभा येते."

"मग कागदावर फुलदाणी ठेवा," मी म्हणाले. थर्झानं माझ्या पायावर पाय दिला.

मेजरांनी पेन्सिल दोन बोटांत फिरवली. मग म्हणाले, "असं करू. सँडहोमच्या विमानतळावर सप्टेंबरात मोसमातली शेवटची शर्यत आहे. तिथं दोन्ही रकान्यांत तुमचं नाव चालवून घेतो. तुमच्या हातचं काम टिकलं, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. काही सुटलं, निखळलं, तर पुढच्या मोसमापासून पुरुषाची सही. कबूल?"

"कबूल," थर्झा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये माझा नुसता संताप होत होता. "असा सौदा त्यांनी बॉटम्लीशी केला असता का गं? जूनमध्ये त्याच्या गाडीचं चाक निघून चहाच्या तंबूत शिरलं. माझ्या किटलीपर्यंत आलं ते."

"नसता केला."

"मग तू का कबूल केलंस?"

"मला शर्यत करायची आहे, मॉडी. भांडण काय, उभ्याउभ्याही करता येतं. शर्यतीला आत बसावंच लागतं."

सँडहोमला त्या शनिवारी पाऊस नुकताच थांबला होता आणि वारा असा की गवताच्या गठ्ठ्यांवर ठेवलेल्या टोप्या उडत होत्या. अकरा गाड्या होत्या. सकाळच्या सरावात बॉटम्लीनं आपली गाडी घंगाळाच्या शेपटावर नेऊन आपटली.

"माफ कर हं, थर्झा," तो म्हणाला. "ब्रेक दाबला, पण त्यानं जरा विचार केला."

"तुझ्या गाडीत तेवढं एकच काहीतरी विचार करतं वाटतं," ती म्हणाली.

शेपटाचा पत्रा आत दबला आणि त्याचे स्क्रू अडकून बसले. एरवी ते चाललं असतं. पण सरावात साखळी ताणली गेली होती, नवी घालणं भाग होतं, आणि साखळीपर्यंत वरून हात जायचा तो तोच पत्रा उघडून. पत्रा काही केल्या उघडेना. शेवटी मी आणि क्लिफर्डनं गाडी उचलून दोन खोक्यांवर टेकवली आणि थर्झा ओल्या काँक्रीटवर पाठ टेकून खाली सरकली.

साखळीचं काम मला कळतं ते एवढंच. दोन टोकं एका कडीनं जोडायची आणि कडीवर बोटाच्या पेराएवढी एक पोलादी क्लिप बसवायची. क्लिपचं एक तोंड बंद, दुसरीकडे शेपटासारखे दोन फाटे. बंद तोंड साखळी जिकडे पळते तिकडे हवं. उलटी लागली तर धक्क्याधक्क्यानं निसटते. लष्करात मुलींकडून हे पाठ करून घ्यायचे: मासा तोंड पुढं करून पोहतो. थर्झानं हजार वेळा मासा पुढं तोंड करून बसवला होता, नेहमी वरून.

"क्लिप दे," ती खालून म्हणाली. मी दिली. "मासा पुढं," ती पुटपुटली. इतक्यात पहिली घंटा झाली.

गाड्या ढकलूनच चालू करायच्या. मी आणि क्लिफर्डनं घंगाळ ढकललं, इंजिन खोकलं, धरलं आणि ती गेली. दहा फेऱ्यांची शर्यत. पहिल्या फेरीला ती सातवी होती. वळणावर बाकीचे ब्रेक दाबायचे त्याच्या दोन गाड्यांच्या लांबीएवढं पुढे जाऊन ती दाबायची, आणि प्रत्येक फेरीला मला वाटायचं की आता ही गवतात जाणार. नाही गेली. पाचव्या फेरीला पाचवी. आठव्या फेरीला तिसरी, बॉटम्लीच्या पुढे. क्लिफर्डनं डोळे मिटून घेतले होते आणि तो मला विचारत होता, "आली का? आली का?" मी म्हणाले, "डोळे तुला कशाला दिलेत रे देवानं?"

दहाव्या फेरीला, शेवटच्या वळणातून बाहेर पडताना, इंजिन एकदम किंचाळलं. ओझं सुटलेलं इंजिन किंचाळतं तसं. घंगाळाच्या पोटातून साखळी खाली पडली आणि काँक्रीटवर सापासारखी वळवळत गवतात गेली. गाडी तशीच घरंगळत राहिली, हळू होत गेली आणि शर्यत संपायच्या रेघेपासून तीनेकशे पावलांवर उभी राहिली. बॉटम्ली शेजारून गेला. मग आणखी चौघे गेले. माझ्या डोळ्यांसमोर मेजरांची पेन्सिल होती.

थर्झा बाहेर आली. तिनं गाडीखाली वाकून पाहिलं, उठून मागे गेली आणि दोन्ही तळहात पत्र्यावर ठेवून ढकलायला लागली.

नियम असा होता की चालकानं एकट्यानं गाडी ढकलत आणली तरी ती मोजली जाते, फक्त पहिली गाडी आल्यापासून पाच मिनिटांच्या आत रेघ ओलांडायला हवी. दुसऱ्या कुणाचं बोट लागलं तर बाद. घंगाळाचं वजन कोळशाच्या पाच पोत्यांएवढं. समोरून वारा. तिचे बूट घसरत होते, ती गुडघ्यावर पडायची आणि गाडी मागे येऊ नये म्हणून खांद्यानं अडवून पुन्हा उठायची. क्लिफर्ड माझ्या हातून सुटून पळत सुटला. ती आता पन्नास पावलांवर आली होती, मला तिचे ओठ स्पष्ट दिसले.

"हात लावलास तर घरात घेणार नाही," ती म्हणत होती.

क्लिफर्डला ओठ वाचता येत नाहीत, पण बहिणीचा चेहरा वाचता येतो. तो तिथंच थांबला. मग तिच्या शेजारून, हात पाठीमागे बांधून, चालत राहिला आणि रडत राहिला. मेजर रेघेवर घड्याळ घेऊन उभे होते. पाच मिनिटांना अकरा सेकंद बाकी असताना घंगाळाचं पुढचं चाक रेघेवरून गेलं. आठवी.

ती पत्र्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. मग तिनं मान वर केली आणि गर्दीतून मला शोधलं. मेजर तिच्याकडे चालत येत होते. आमच्या दोघींच्या मधे शंभर माणसं असतील.

"क्लिप उलटी लावली मी," तिच्या ओठांनी सांगितलं. "खालची साखळी मागं पळते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साखळी वरच्या बाजूनं पुढे धावते आणि खालच्या बाजूनं मागे. मासा पुढं, ही म्हण वरून बघणाऱ्यासाठी होती. पाठीवर पडून खालून काम करणाऱ्यानं मासा मागं वळवायचा. ती एकदाच खाली झोपली आणि हाताला लागलेल्या सवयीनं तिचा घात केला.

"गप्प बस," मी ओठांनी सांगितलं. "क्लिप गवतात गेली. कुणाला कळणार नाही."

मेजर तिथं पोचले. त्यांच्या हातात निकालाचा कागद होता आणि चेहऱ्यावर, खरं सांगते, कौतुक होतं. "मिस हॉलरॉइड, असं काही मी बघितलं नव्हतं. साखळ्या तुटतात हो. हल्ली पोलादच तसलं येतं. मी लिहितो, 'साखळी सदोष.' आपला विषय मिटला."

तिनं नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. मी देवाला म्हणत होते, हलव गं, हलव.

"साखळी चांगली होती," थर्झा म्हणाली. "क्लिप उलटी लागली होती."

मेजरांची पेन्सिल थांबली. क्लिफर्ड पुढे झाला. "मी लावली, साहेब. मी. माझी चूक."

"तू?" थर्झा म्हणाली. "क्लिफर्ड, क्लिप म्हणजे काय ते सांग बरं साहेबांना."

क्लिफर्ड विचार करू लागला. "ती... केसांना..." तो म्हणाला, आणि मागे बॉटम्ली फिदीफिदी हसला.

"मी लावली," थर्झा म्हणाली. "गाडी मी बांधली, साखळी मी घातली, आणि क्लिप मी उलटी लावली. लिहा."

मेजर हळू आवाजात म्हणाले, "हे लिहिलं तर आपल्या बोलण्याप्रमाणे काय होतं, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. तुम्हालाही एक कळू दे, मेजर." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मेकॅनिकच्या रकान्यात माझं नाव आहे ते बरोबर केल्यावर शाबासकी घ्यायला नाही लिहिलेलं. चुकलं तर कुणाचं चुकलं ते कळावं म्हणूनच तो रकाना आहे. चूक भावाच्या नावावर गेली, साखळीच्या नावावर गेली, तर मी मेकॅनिक कसली? जूनमध्ये मिस्टर बॉटम्लींचं चाक चहाच्या तंबूत शिरलं. त्यांच्याकडे कुणी बाईची सही मागितली?"

आता कुणी हसलं नाही. बॉटम्लीनं आपल्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही मागितली."

मेजरांनी कागद आणि ती निळी पेन्सिल थर्झाच्या हातात दिली. तिनं गाडीच्या पत्र्यावर कागद ठेवून लिहिलं. तिचे तळहात सोलून निघाले होते, कागदावर रक्ताचं बोट उमटलं. आठवी, थ. हॉलरॉइड. क्लिप उलटी. मेकॅनिक, थ. हॉलरॉइड.

मी तिच्याशी बोलणंच बंद केलं. हातातोंडाशी आलेला घास कुणी असा थुंकतं का? सोमवारी गिरणीत हर्बर्टला सगळं कळलेलं होतं. मागांच्या गोंगाटात तो मुद्दाम आमच्या ओळीतून गेला आणि ओठांनी म्हणाला, "मग, मेकॅनिकबाई, उलटी लावली म्हणे?"

"हो," थर्झा म्हणाली. "सरळ कशी लावायची तेही मलाच माहीत आहे. तुझा माग तिसऱ्या ओळीत बंद पडलाय, चहा संपव लवकर."

मी हसले. अबोला तिथंच संपला.

हिवाळा गेला. मेजरांकडून चकार शब्द नाही. क्लिफर्ड रोज विचारायचा की आपण नुसती सही करून टाकू का, आणि रोज त्याला रात्रीचं जेवण गप्प बसून जेवावं लागायचं. मार्चमध्ये थर्झानं अर्ज भरला. दोन्ही रकान्यांत तेच नाव, या वेळी साध्या अक्षरांत. दहा दिवसांनी पाकीट आलं तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होते. तिचे हात पिठात होते, म्हणून मी फोडलं.

कागद आमचाच होता, आणि त्यावरची निळी खूणच आधी माझ्या डोळ्यांत भरली. पुन्हा परत आला, असं मला वाटलं. मग नीट पाहिलं. गोल वरच्या कोपऱ्यात, गाडीच्या नंबराभोवती होता, आणि बाजूला 'मंजूर' लिहिलं होतं. मेकॅनिकच्या रकान्याजवळ पेन्सिल गेलीच नव्हती.

मी तो रकाना तिच्या डोळ्यांसमोर धरला. थर्झानं हात पुसले, चष्मा लावला आणि बघत राहिली. मग टेबलावरचं पेन उचललं आणि आपलं नाव पुन्हा एकदा, दाबून, गिरवलं.